मांजरीची पिल्ले आणि भरतराजाचे हरिण

भक्तविजय ग्रंथ महिपतीबुवांनी ताहाराबादेस 1762 साली पूर्ण केला. त्यातील राका कुंभाराची कथा वारकऱ्यांच्या घरी लहान मुलांनाही ठाऊक असते. तरी आज ती पुन्हा सांगावीशी वाटते, कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ तिच्यात आहे.

राका पंढरीचा. मडकी घडवावी, भाजावी, विकावी आणि मुखाने नाम घ्यावे, एवढाच त्याचा संसार. एकदा वाळत घातलेल्या कच्च्या मडक्यांपैकी एकात मांजर व्याली. राकाला याची वार्ताही नाही. त्याने नेहमीप्रमाणे आवा रचला, वर गोवऱ्या-लाकडे घातली आणि अग्नी दिला. थोड्या वेळाने मांजर आली. ती आव्याभोवती फिरू लागली, ओरडू लागली, जाळापाशी जाऊन परत फिरू लागली. तेव्हा राकाच्या पोटात धस्स झाले. आता काय करावयाचे? आवा एकदा पेटला म्हणजे त्यात हात घालता येत नाही. राकाने पांडुरंगाचा धावा केला आणि ही पिल्ले वाचली तर सगळा संसार लुटवून टाकीन, असा पण केला. आवा निवला तेव्हा सगळी मडकी खणखणीत भाजलेली निघाली. एक तेवढे कच्चे राहिले होते आणि त्यात पिल्ले जिवंत होती. राकाने बोललेले खरे केले, घर लुटविले. त्यानंतर नवराबायको रानातली वाळकी लाकडे वेचून पोट भरू लागली.

कीर्तनात ही कथा लागली की श्रोते चमत्कारापाशी टाळी देतात. द्यावी, आमचे काही म्हणणे नाही. पण आमचे लक्ष नेहमी आधीच्या क्षणाकडे जाते. मांजर आव्याभोवती ओरडते आहे. कुंभारवाड्यात मांजरे काय रोजच ओरडतात! दुसरा एखादा म्हणाला असता, "भुकेली असेल, हाकला तिला." राकाने ती हाक ऐकली, आणि ती आईची हाक आहे हे त्यास कळले. देवाने मडके राखले ते नंतर. आधी एका गरीब माणसाचे कान उघडे होते.

नाथबाबांनी रामेश्वरास न्यावयाची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, नामदेवराय पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, या कथा तुम्हांस पाठ आहेत. त्या सांगत बसत नाही. गाढव, कुत्रा, मांजर, रेडा. आपल्या संतांच्या चरित्रांत सिंह-हत्ती थोडे आणि दारातली, उकिरड्यावरची जनावरेच फार, एवढे मात्र ध्यानात घ्यावे.

आता मांजराचा विषय निघालाच आहे, तर शास्त्रातले मांजरही पाहू. दक्षिणेत श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन पक्ष झाले, वडकलै आणि तेनकलै. जीवाचा उद्धार कसा होतो यावर त्यांचा वाद. एक पक्ष म्हणतो, माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून राहते; आई उडी मारते, पण धरावयाचे काम पिल्लाचे. हा मर्कटन्याय. दुसरा पक्ष म्हणतो, मांजराचे पिल्लू काहीच धरीत नाही. आई मानेला धरून उचलते आणि नेईल तिकडे ते लोंबकळत जाते. हा मार्जारन्याय. देवाला माउली म्हणणाऱ्या आपल्या वारकऱ्यांच्या मनाला हा दुसरा दृष्टांत चटकन भिडतो, आणि कीर्तनकारही तो मोठ्या आवडीने घेतात.

पण या दृष्टांताचा कोणी भलताच उपयोग करू लागला आहे. अलीकडे कितीतरी देवळांच्या दारात सकाळी खोके किंवा पिशवी सापडते. आत डोळे न उघडलेली तीन-चार पिल्ले. घरची मांजर व्याली, घरात नको झाली, म्हणून रात्री आणून ठेवली. ठेवणाऱ्याचे मन स्वच्छ असते, कारण त्याने पिल्ले "देवाच्या पायाशी" ठेवलेली असतात! बाबांनो, मांजर पिल्लाला तोंडात धरते ती आणखी सुरक्षित जागी नेण्यासाठी. तुम्ही त्याला त्या तोंडातून काढून पायरीवर ठेवलेत. याला देवावर भार घालणे म्हणत नाहीत, टाकून देणे म्हणतात. उपाशी-तहानेने तडफडेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाही आहे. कायद्याचे आम्ही एवढ्यासाठी बोललो, की काही लोकांना पापाची भाषा कळत नाही, त्यांना ही कळेल.

असो. आता मुख्य गोष्ट.

2023 सालच्या आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंदहून तरडगावच्या वाटेस लागली होती. पाऊस लांबला होता, फुफाटा उडत होता. चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण झाले आणि दिंडी पुढे सरकली. आमच्या दिंडीत एक आजी आहेत. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालण्याचा मान कैक वर्षे त्यांचाच. त्या पाणी प्यायला रस्त्याच्या कडेला गेल्या, तो चारीत पोत्याचा तुकडा हललेला दिसला. आत तीन पिल्ले होती. दोन गेलेली. तिसरे मुठीएवढे, डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला. आजीबाईंनी क्षणभर इकडेतिकडे पाहिले, मांजर कुठे दिसते का म्हणून. पोत्यात बांधून टाकलेल्या पिल्लांची आई तिथे कोठून असणार? त्यांनी तुळस शेजारच्या सुनेच्या डोक्यावर दिली, पिल्लू पोटाशी पदरात घेतले आणि चालू लागल्या.

संध्याकाळी मुक्कामावर बोलणे सुरू झाले. समाजआरतीला आजी नव्हत्या. हरिपाठ चालू असता मधेच उठल्या. तुळशीचा नेम मोडला. आमचे एक जुने टाळकरी, वाचलेले गृहस्थ, ते सरळच म्हणाले, "महाराज, म्हातारी जडभरत व्हायला लागली. भागवतात काय लिहिलंय? हरणाच्या पाडसापायी राजाचा जन्म गेला, हरणाच्या योनीत पडला. वारीत आलो ते पांडुरंगासाठी, का मांजरासाठी?"

प्रश्न खोटा नव्हता. थट्टेवारी नेण्यासारखा तर मुळीच नव्हता. आम्हांस तिथेच उत्तर देणे भाग पडले, आणि त्या रात्री जे बोललो तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो.

पाचव्या स्कंधात भरतराजाची कथा आहे. राज्य सोडून तो पुलहाश्रमात गेला, गंडकीच्या तीरी एकटा राहू लागला. एके दिवशी नदीकाठी जप करीत असता एक गाभण हरिणी पाण्यावर आली. सिंहाची डरकाळी ऐकून तिने भयाने उडी घेतली, त्यात तिचा गर्भ प्रवाहात पडला आणि ती पलीकडे जाऊन मेली. पाडस वाहत चालले. भरताने ते उचलले आणि आश्रमात आणले. येथवर भागवतकार त्याला एक शब्दही लावीत नाहीत. किंबहुना तो तीरावर डोळे मिटून जप करीतच राहिला असता आणि पाडस बुडाले असते, तर त्या जपाला काय किंमत होती, हे आम्ही त्या टाळकऱ्यांनाच विचारले.

मग दोष कुठे शिरला? भागवत ते बारकाईने सांगते. पाडसाला चारावे, गोंजारावे, लांडग्यापासून राखावे, असे करता करता त्याचे यमनियम आणि भगवंताची पूजा एकेक करून सुटत गेली. एकदम नव्हे, एकेक. आज स्नान उशिरा, उद्या पूजा अर्धी, परवा नाहीच. शेवटी पाडस दिसेनासे झाले की राजा वेड्यासारखा विलाप करू लागला. अंतकाळी डोळ्यांपुढे हरिण आणि मनात हरिण. म्हणून हरिणजन्म. पाडस वाचविले याचे ते फळ नव्हे. 'माझे पाडस' झाले आणि त्या 'माझे'पुढे दुसरे काही उरले नाही, त्याचे ते फळ.

आणि कथा तिथे संपत नाही, हे आपण विसरतो. हरिणजन्मात त्याला पूर्वजन्माची आठवण राहिली. त्यापुढचा तिसरा जन्म ब्राह्मणाच्या घरी, तोच जडभरत. या जन्मी तो कुणात गुंतला नाही, वेड्यासारखा राहिला. एकदा रहूगण राजाच्या पालखीला भोई कमी पडला म्हणून यालाच धरून जुंपले. पालखी हिंदकळू लागली. का? तर हा पाऊल टाकण्यापूर्वी पुढची जमीन पाहून घेई, पायाखाली जीव चिरडू नये म्हणून. राजा रागावला, आणि मग त्यांचा तो प्रसिद्ध संवाद झाला. आता सांगा, पाडसाने ज्याचा एक जन्म बुडविला, त्याने दयेचा धडा टाकून दिला काय? मोह टाकला, दया ठेवली. पाडसावरची दया किडामुंगीवर पसरली. जडभरताचे नाव घेऊन मांजराचे पिल्लू चारीत टाकावयास सांगणारे गृहस्थ अर्धीच कथा वाचून उठलेले असतात.

आम्ही हे बोलत होतो, आजी मागे बसून ऐकत होत्या. मांडीवर बिऱ्हाड. आमचे झाल्यावर त्या म्हणाल्या, "महाराज, मी अडाणी. पण मला येक सांगा. भरतराजा रानात येकलाच व्हता न्हवं? म्हणून त्याची समदी येळ त्या हरणात गेली. मी येकली हाय का? हितं पन्नास जण हायती. समद्यांनी थोडं थोडं केलं तर माजा हरिपाठ कशाला बुडंल?"

यावर कोणी काही बोलले नाही. आम्ही इतकी वर्षे भागवत सांगतो. तो राजा एकटा होता ही गोष्ट वाचलेली होती, पण तिच्यात इतके आहे हे त्या दिवशी दिसले. एकट्याच्या हाती असलेली दया लवकर 'माझी' होते. पन्नासांत वाटली की ती सेवा राहते. त्याच रात्री पाळ्या लागल्या. रात्रीच्या जागरणाला चार बायका आणि एक पखवाजी. टाळकऱ्यांनी स्वतः होऊन पहाटेची पाळी मागितली, हेही सांगितले पाहिजे.

आता पाळ्या कशाच्या, ते जरा तपशिलाने लिहितो. वारीच्या वाटेवर, शेताच्या बांधावर असे पिल्लू कोणासही सापडू शकते, आणि पुष्कळ पिल्ले दयेच्या अभावी नव्हे, अज्ञानाच्या दयेने मरतात. आमच्या सुदैवाने मुक्कामावर दिंडीच्या गाडीचे बैल तपासण्यास एक पशुवैद्य आले होते. त्यांनी सांगितलेले असे.

पहिली गोष्ट, आई आहे का ते बघावे. मांजर पिल्लांची जागा बदलते तेव्हा एकेक करून नेते. मध्ये एखादे पिल्लू एकटे दिसते आणि आपण कळवळून ते उचलतो. ती परत येते तो जागा रिकामी! पिल्लू धोक्यात नसेल, अंग गरम असेल, तर लांब उभे राहून काही तास वाट पाहावी. आईच्या दुधाला तोड नाही. पोत्यात बांधलेले, भिजलेले, गार पडलेले, मुंग्या लागलेले असेल तर मात्र थांबू नये.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. आधी ऊब, मग दूध. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःचे अंग उबदार राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही, उलट जिवावर बेतते. म्हणून आजीबाईंनी पदरात पोटाशी धरले तेच बरोबर. नसेल तर गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, आणि जास्त गरम झाले तर पिल्लाला सरकून जाता येईल एवढी जागा ठेवावी.

दूध म्हटले की आपल्यापुढे गाईचे दूध येते. ते चालत नाही. पिल्लाला हगवण लागते, आणि शंभरेक ग्रॅमच्या जिवाला हगवण म्हणजे मरणच. मांजराच्या पिल्लांसाठी निराळी दूधपावडर मिळते. फलटणच्या मुक्कामी एका तरुणाने मोटारसायकलवर हिंडून ती पैदा केली. कोमट पाण्यात कालवून सुई नसलेल्या पिचकारीने थेंब थेंब द्यावी. तान्ह्या मुलासारखे उताणे धरून पाजू नये, दूध फुप्फुसात जाते. आईला लुचताना पिल्लू जसे पालथे असते, तसेच पोटावर ठेवून, तोंड किंचित वर करून पाजावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एकादशीचा जागर वर्षातून चोवीस वेळा. हा जागर रोजचा!

आणि एक गोष्ट, जी ऐकून तरुण मंडळी हसली. इतक्या लहान पिल्लाला आपले आपण मलमूत्रही करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हा होते. आई नसेल तर प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तिथे हलके पुसावे लागते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत. हसण्याचे थांबल्यावर आम्ही म्हटले, मार्जारन्याय सांगताना आम्ही नेहमी मान धरून उचललेले पिल्लू दाखवितो. त्या मांजरीची ही जीभ आजवर कोणी दाखविली नव्हती. माउली हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. त्या शब्दात हे कामही येते.

वजन रोज दहाएक ग्रॅम वाढले की समजावे नीट चालले आहे. डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. ओढून उघडू नयेत. आमच्या पिल्लाचा उजवा डोळा वाखरीच्या मुक्कामी किलकिला झाला. डावा पंढरपुरात. पांडुरंगाच्या दर्शनाला म्हणून उघडला, असे बायका म्हणाल्या. दिवस भरले म्हणून उघडला, असे डॉक्टर म्हणाले असते. आम्ही मध्ये पडलो नाही.

आजी पिल्लू घरी घेऊन गेल्या. यानंतर जो प्रश्न आला तो आमच्या मते जडभरतापेक्षाही अवघड. त्या वर्षी अधिक श्रावण होता. त्या महिन्यात त्यांचा फोन आला. "महाराज, पोर आता खायाला मागतंय. दूधभात देते तर सुकत चाललंय. डॉक्टर म्हनत्यात मांसाबिगर जगणार न्हाई. माज्या गळ्यात माळ. काय करू?"

माळकरी घरात मांस शिजत नाही, येत नाही. ही आपली मर्यादा, आणि ती आम्ही हलकी मानीत नाही. परंतु देवाने मांजराला देहच असा दिला आहे की मांसात असणारे काही घटक त्याच्या शरीराला लागतातच. ते मिळाले नाहीत तर डोळे जातात, हृदय दुबळे होते. गाय गवत खाते ही तिची साधना नव्हे आणि मांजर उंदीर खाते हे तिचे पाप नव्हे. ज्याचा त्याचा देहधर्म. माळ आपल्या गळ्यात आहे, मांजराच्या नव्हे. आपला नेम दुसऱ्याच्या पोटावर लादून त्याला हळूहळू उपाशी मारणे, याला अहिंसा म्हणावयास आमची जीभ धजत नाही.

मग दोन वाटा. दुकानात मांजराचे तयार कोरडे खाद्य मिळते. ते घराबाहेर, गोठ्यात किंवा ओसरीखाली वेगळ्या वाडग्यात ठेवावे. ज्याच्या मनाला हेही रुचत नसेल त्याने पिल्लू चार आठवडे जगवून, जेथे त्याचे नीट होईल अशा घरी द्यावे. तेही पाळणेच झाले. वाढवून सुस्थळी देणे आपल्याला काय नवे आहे! फक्त घर पाहून द्यावे, दार पाहून नव्हे. काही थोर मंडळींना आमचे हे म्हणणे पटणार नाही, हे ठाऊक आहे. त्यांनी तिसरी वाट दाखवावी, आम्ही ती छापू. मात्र 'दूधभातावर राहील' ही वाट नव्हे. ती पाहून झाली आहे.

आजींनी पहिली वाट धरली. वाडगा गोठ्यात. खाद्य घालावयाचे काम नातवाकडे, कारण त्याच्या गळ्यात अजून माळ नाही. जंताचे औषध आणि लशी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे झाल्या. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. एकदा नातवाच्या हाताला दात लागला तेव्हा साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धुतला आणि लगोलग दवाखाना गाठला. माया आहे म्हणून यात हयगय करू नये. हळद, चुना, कांदा काही लावू नये.

शेवटचा मुद्दा बोलावयास थोडा संकोच होतो, पण बोललेच पाहिजे. हे पिल्लू मादी निघाले. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीन वेळाही विते. आजींनी विचारले, "ऑपरेशन करनं पाप तर न्हाई? देवानं दिल्याली कूस." आम्ही विचारले, "आजी, चारीत तीन होती. दोघांचं काय झालं?" त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मातीत पुरली मी त्येंना, ल्योकरागत. तुळशीतली माती घातली वर." आणि पुढच्या आठवड्यात नातवाबरोबर टोपलीत घालून मांजर तालुक्याच्या दवाखान्यात पाठविली. आपण स्वतः मात्र गेल्या नाहीत. म्हणाल्या, एकादशी आहे, कीर्तन चुकेल.